शीर्षकाची भाषा : संगणकीय अक्षरजुळणीतील ‘प्रकरण’, ‘कलम’ आणि ‘परिशिष्ट’

कोणताही अहवाल, नियमपुस्तिका अथवा आराखडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे वाचक थोडेच असतात. बहुसंख्य वाचक हवी तेवढी माहिती शोधण्यासाठी पुस्तक उघडतात, आणि त्या शोधात त्यांना वाट दाखविण्याचे काम प्रकरणांची व उपप्रकरणांची शीर्षके करीत असतात. शीर्षक परक्या भाषेत राहिले, त्यासाठी योजलेला शब्द चुकीचा असला किंवा त्याचा क्रमांक संदिग्ध झाला, तर खालचा मजकूर अचूक असूनही वाचकाच्या हाती लागत नाही. आज मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत अक्षरजुळणी संगणकावर होते. त्यामुळे शीर्षकातील ‘प्रकरण’ हा शब्द, त्यापुढील आकडा, अनुक्रमणिका आणि पानाच्या डोक्यावरची ओळ या गोष्टी बऱ्याच अंशी आज्ञावलीच तयार करते. या आज्ञावल्या मुळात इंग्रजी छपाईच्या गरजा समोर ठेवून रचलेल्या आहेत. मराठीसाठी त्यांत कोणते फेरफार करावे लागतात व ते कोणी करावेत, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कुरकुंभचे उदाहरण

दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभ हे गाव आहे. फिरंगाई देवीचे स्थान म्हणून परिचित असलेल्या या गावाच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून ती विशेषतः रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये येथील एका कारखान्याला मोठी आग लागली होती. अशा वसाहतीत सुरक्षिततेविषयीचा एकच मजकूर निरनिराळ्या वाचकांपर्यंत पोहोचवावा लागतो. अभियंत्यांना तो इंग्रजीत हवा असतो, परप्रांतांतून आलेल्या कामगारांना हिंदीत, तर स्थानिक कामगार, ग्रामस्थ आणि ग्रामपंचायत यांना मराठीत.

कायद्यानेही ही गरज पूर्वीच ओळखली होती. कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ मध्ये करण्यात आली होती. घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम १९८९ साली करण्यात आले. त्यांतील नियम १५ अन्वये, मोठा अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते अशा कारखान्याबाहेरील लोकांनाही धोक्याचे स्वरूप आणि काय करावे व काय करू नये याची माहिती देणे आवश्यक ठरले.

रसायनासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक हे याचे ठळक उदाहरण होय. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीनुसार या पत्रकाचे १६ भाग ठरलेले आहेत. चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा अग्निशमनाचा, सहावा सांडलेल्या वा गळालेल्या रसायनाच्या बंदोबस्ताचा. भाषा कोणतीही असो, या भागांचा क्रम बदलत नाही. डोळ्यांत रसायन उडालेल्या कामगाराला घेऊन सहकारी दौंडच्या डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टरांनी दूरध्वनीवरून कारखान्याला चौथा भाग वाचावयास सांगितला, तर इंग्रजी, हिंदी व मराठी या तिन्ही पत्रकांत तो त्याच क्रमांकाखाली सापडला पाहिजे आणि त्याचे शीर्षक वाचताक्षणी समजले पाहिजे. क्रमांक सर्वांना समान, शब्द मात्र ज्याच्या त्याच्या भाषेतला, हे शीर्षकाच्या भाषांतराचे मूलतत्त्व या एका पत्रकात स्पष्ट दिसते.

शीर्षकाची चार अंगे

‘प्रकरण ३ : पाणीपुरवठा’ अशी एक ओळ घेतली, तर तिच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पहिली, तिचा दर्जा, म्हणजे ही ओळ प्रकरणाचे शीर्षक आहे, उपप्रकरणाचे नव्हे. दुसरी, तो दर्जा सांगणारा ठरीव शब्द ‘प्रकरण’. तिसरी, क्रमांक. चौथी, लेखकाने दिलेले खास नाव ‘पाणीपुरवठा’. अक्षरांचा आकार, जाडी आणि आजूबाजूची मोकळी जागा हे या चारही अंगांचे बाह्य रूप होय.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात ही सर्व अंगे जुळाऱ्याच्या हातात एकत्र असत. हस्तलिखितावरून कोणती ओळ मोठ्या टाइपात घ्यावयाची हे तो जाणत असे. ‘प्रकरण’ हा शब्द आणि त्यापुढील आकडा तो हाताने जुळवीत असे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी टाइपात छापले गेले आणि पुढे जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी छपाईला सुबक वळण दिले. या दीर्घ काळात मराठी ग्रंथांतील शीर्षकांची रीत लेखक, मुद्रितशोधक आणि जुळारी यांच्या संगनमताने घडत गेली. ती कोणी नियम म्हणून लिहून ठेवली नसली, तरी वाचकांच्या अंगवळणी पडली होती.

मुद्रणापूर्वीची रीत तर आणखी वेगळी होती. पोथीत अध्यायाचे नाव व क्रमांक बहुधा अध्यायाच्या शेवटी, समाप्तीच्या वाक्यात येत. विभागांची नावेही ग्रंथपरत्वे निराळी. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय आहेत, तर दासबोधाचे २० दशक आणि प्रत्येक दशकाचे १० समास. ग्रंथाचा विभाग म्हणजे ‘प्रकरण’च, त्याचे नाव आरंभीच आणि शब्दापुढे आकडा ही मांडणी स्वाभाविक वाटते खरी, परंतु ती अनेक रीतींपैकी एक आहे. संगणकाच्या आज्ञावलीत नेमकी हीच एक रीत गृहीत धरली गेली आणि तेथून अडचणींना आरंभ झाला.

शब्द आज्ञावलीतून वेगळे कसे झाले

अमेरिकन गणितज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली तयार केली. तिच्या आधारे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘लाटेक’ ही पद्धती रचली. लाटेकमधील महत्त्वाची कल्पना अशी की, लेखकाने ओळ किती मोठी वा किती ठळक हे सांगावयाचे नाही. ती प्रकरणाचे शीर्षक आहे एवढीच खूण करावयाची. क्रमांक घालणे, अनुक्रमणिकेत नोंद करणे, पानाच्या डोक्यावर नाव छापणे ही कामे यंत्राने करावयाची. एखादे प्रकरण मध्येच वाढविले, तर पुढील सर्व क्रमांक आपोआप बदलतात.

ही सोय मोठी होती. परंतु आरंभीच्या आवृत्त्यांत प्रकरण, अनुक्रमणिका, आकृती, तक्ता, परिशिष्ट यांचे इंग्रजी शब्द मांडणीच्या फायलींतच लिहिलेले होते. जर्मन वा डच भाषेत पुस्तक छापणाऱ्याला सर्व मजकूर स्वभाषेत लिहिल्यावरही प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर इंग्रजी शब्द उमटलेला दिसे. तो बदलण्यासाठी मांडणीची मूळ फाईलच दुरुस्त करावी लागे. युरोपातील वापरकर्त्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय शोधला. मांडणीच्या फायलीत शब्द न ठेवता त्या जागी केवळ एक नाव ठेवावयाचे आणि त्या नावाचा अर्थ भाषेच्या स्वतंत्र यादीतून घ्यावयाचा. नेदरलँड्समधील योहानेस ब्राम्स यांच्या ‘बेबल’ या जोड-आज्ञावलीने १९९० च्या सुमारास ही पद्धत अनेक भाषांसाठी रूढ केली.

या व्यवस्थेची तुलना कार्यालयातील छापील नमुन्याशी करता येईल. नमुन्यात ‘येथे पदनाम लिहावे’ अशी रिकामी जागा असते. ती प्रत्येक कार्यालय आपापल्या पदनामाने भरते. त्याचप्रमाणे आज्ञावलीत ‘येथे प्रकरणवाचक शब्द घ्यावा’ अशी जागा ठेवलेली असते आणि भाषा मराठी आहे असे सांगताच ती ‘प्रकरण’ या शब्दाने भरली जाते. पुढे फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली ग्रोनिंगन विद्यापीठात टेकसाठी देवनागरी अक्षरांची सोय केली. युनिकोड या सर्वलिपीय संकेतप्रणालीची पहिली आवृत्तीही १९९१ मध्येच निघाली. आज मराठी मजकूर थेट युनिकोडमध्ये लिहून जुळविता येतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्यामुळे अक्षरांवरून भाषा कोणती हे यंत्राला ओळखता येईलच असे नाही. ते त्याला सांगावे लागते. लिपी देवनागरी निवडली, पण भाषा हिंदी राहिली, तर मराठी अहवालावर ‘अध्याय’ आणि ‘विषय-सूची’ हे शब्द उमटतात.

शब्द मराठी, पण कोणता?

भाषेची यादी स्वतंत्र झाली की ती भरण्याचा प्रश्न येतो आणि तो यंत्राचा नसून भाषेचा असतो. हिंदी ग्रंथांत अनुक्रमणिकेला ‘विषय-सूची’ म्हणतात. मराठीत ‘सूची’ म्हटले की पुस्तकाच्या अखेरीस अकारविल्हे दिलेली नामांची वा विषयांची यादी डोळ्यांपुढे येते. आरंभीच्या यादीला ‘अनुक्रमणिका’ हाच शब्द रूढ आहे. हिंदीत ‘तालिका’, तर मराठीत ‘तक्ता’, ‘कोष्टक’ किंवा ‘सारणी’. लिपी एक असली तरी यादी उसनी घेता येत नाही.

मराठीतल्या मराठीतही संदर्भानुसार शब्द बदलतो. इंग्रजीतील ‘सेक्शन’ या एका शब्दासाठी ग्रंथात ‘विभाग’ किंवा ‘उपप्रकरण’ चालेल; अधिनियमात मात्र ‘कलम’च हवे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे, म्हणजेच पूर्वीच्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ७ ग्रामसभेच्या सभांविषयी आहे. यंत्राने त्याचे ‘विभाग ७’ केले, तर सरपंचाला ते एखाद्या प्रशासकीय विभागाचे नाव वाटेल. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पंचायतीची कर्तव्ये सांगितली असून त्यांची यादी अनुसूचीत दिली आहे. तेथे ‘अनुसूची’ऐवजी ‘परिशिष्ट’ म्हणता येत नाही, कारण अनुसूची हा अधिनियमाचाच भाग असतो, तर परिशिष्ट ही अहवालाला जोडलेली पुरवणी. भारताच्या संविधानाच्या मराठी पाठात ‘कलम’ नसून ‘अनुच्छेद’ आहे.

‘प्रकरण’ हा शब्दही निर्धोक नाही. कार्यालयीन व्यवहारात त्याचा अर्थ एखादे काम वा संचिका असा होतो. कर्जप्रकरण मंजूर होते, प्रलंबित प्रकरणे निकाली काढली जातात. तेव्हा ज्या अहवालात अशा प्रकरणांचीच चर्चा आहे, तेथे ग्रंथविभागासाठी ‘भाग’ हा शब्द योजणे अधिक सोयीचे ठरेल. असा निर्णय आज्ञावली घेऊ शकत नाही. तो विषय जाणणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो. यंत्रात तो बदलण्याची सोय असली म्हणजे झाले.

क्रमांकाची जागा आणि रूप

‘प्रकरण’ हा शब्द आधी आणि आकडा नंतर हा क्रम इंग्रजीला मानवतो व मराठीलाही चालतो. सर्व भाषांना तो चालत नाही. हंगेरियन भाषेत आकडा आधी व शब्द नंतर येतो. जपानी भाषेत आकड्याच्या अलीकडे एक चिन्ह व पलीकडे दुसरे चिन्ह येऊन शीर्षक पुरे होते. अशा भाषांसाठी नुसता शब्द बदलून भागत नाही. आकड्याच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवणारी रचना करावी लागते. म्हणजे यादीत शब्दाबरोबर त्याचे स्थानही नोंदवावे लागते.

मराठीतही दुसरी रीत प्रतिष्ठित आहे. ‘प्रकरण पहिले’, ‘भाग दुसरा’, ‘अनुसूची तिसरी’ अशी शीर्षके मराठी वाचकाला परिचित आहेत. येथे क्रमवाचक विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘प्रकरण’ नपुंसकलिंगी म्हणून पहिले, ‘भाग’ पुल्लिंगी म्हणून पहिला, ‘अनुसूची’ स्त्रीलिंगी म्हणून पहिली. इंग्रजीत ही अडचण नसल्यामुळे मूळ आज्ञावलीत नामाचे लिंग नोंदविण्याची जागाच नव्हती. शिवाय मराठीत १ ते १०० या संख्यांची नावे सरधोपट नियमाने बनत नाहीत. ‘एकोणपन्नास’ आणि ‘पंचावन्न’ यांची घडण यंत्राला थोडक्या नियमांत शिकविता येत नाही. त्याला शंभर शब्दांची यादीच द्यावी लागते. म्हणूनच लांबलचक अहवालात आकडी क्रमांक आणि मोजक्या भागांच्या ग्रंथात शब्दरूप क्रमांक, असा विवेक ठेवणे श्रेयस्कर.

आकडे देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हाही निर्णय एकदाच घ्यावा. शीर्षकात ‘३’, अनुक्रमणिकेत ‘3’ आणि पृष्ठांक तिसऱ्याच वळणाचे, अशी सरमिसळ आज अनेक दस्तऐवजांत आढळते. तिचे कारण बहुधा एवढेच असते की, शीर्षकातील आकडा माणसाने लिहिलेला असतो आणि बाकीचे यंत्राने घातलेले असतात.

अक्षरक्रमाचा पेच

सर्वांत गंभीर अडचण आकड्यांची नसून अक्षरांची आहे. परिशिष्टे व पोटकलमे यांना आकड्यांऐवजी अक्षरे देण्याची प्रथा आहे. मराठीत त्यासाठी दोन क्रम वापरात आहेत. शासकीय व्यवहारात आणि राज्याच्या अधिनियमांत ‘अ, ब, क, ड’ हा इंग्रजी वर्णमालेच्या अनुरोधाने लावलेला क्रम रूढ आहे. संविधानाच्या मराठी पाठात आणि केंद्रीय अधिनियमांच्या हिंदी पाठांत ‘क, ख, ग, घ’ हा वर्णमालेचा क्रम दिसतो. परिणामी ‘खंड (क)’ म्हणजे एका ठिकाणी पहिला खंड, तर दुसऱ्या ठिकाणी तिसरा.

पंचायत सदस्यांना परिचित असे उदाहरण म्हणजे ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४, ज्यात सदस्याच्या अनर्हतेची कारणे दिली आहेत. शासकीय जमिनीवर वा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केल्यामुळे येणारी अनर्हता ‘कलम १४ (१) (ज-३)’ म्हणून ओळखली जाते. येथील ‘ज’ हे अक्षर इंग्रजी ‘जे’ या दहाव्या अक्षराच्या जागी योजलेले आहे. पंचायतीचा कर मुदतीत न भरल्यामुळे येणारी अनर्हता आठव्या अक्षराखाली येते व तेथे इंग्रजी ‘एच’साठी ‘ह’ योजला जातो. आता समजा, या कलमाचा मजकूर अशा आज्ञावलीत जुळविला, जिच्यात ‘क, ख, ग’ हा क्रम भरलेला आहे. वर्णमालेत आठवे अक्षर ‘ज’ येते. म्हणजे कराच्या थकबाकीच्या खंडाला यंत्र ‘ज’ हे अक्षर देईल, आणि ज्याला लोक अतिक्रमणाचा खंड म्हणून ओळखतात त्याचे अक्षर भलत्याच तरतुदीवर जाऊन बसेल. सदस्यत्व ज्या तरतुदीवर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत असा घोटाळा परवडणारा नाही.

यावरून एक स्पष्ट नियम निघतो. जे क्रमांक व जी अक्षरे कायद्याने ठरलेली आहेत, ती यंत्राकडून मोजून घेऊ नयेत. मूळ पाठाप्रमाणे जशीच्या तशी हाताने लिहावीत. स्वयंचलित क्रमांकन आपल्या स्वतःच्या अहवालासाठी व आराखड्यासाठी राखून ठेवावे, आणि तेथेही कोणता अक्षरक्रम घ्यावयाचा हे आरंभीच ठरवावे.

वाक्यात शिरलेले शीर्षक

शीर्षक केवळ प्रकरणाच्या माथ्यावर येत नाही. ‘तक्ता ५ पहावा’, ‘परिशिष्ट २ मध्ये दिल्याप्रमाणे’ अशा उल्लेखांतून ते मजकुरातही येते. हे उल्लेखही आज्ञावली घालू शकते आणि मूळ क्रमांक बदलला की तेही बदलते. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते. म्हणून यंत्राने ठरीव शब्द आणून बसविला तरी वाक्य बिघडत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. ‘तक्ता’ या शब्दाचे ‘तक्त्यात’ होते, ‘परिशिष्ट’चे ‘परिशिष्टात’, ‘तिसरे प्रकरण’चे ‘तिसऱ्या प्रकरणात’. यंत्राने आणलेल्या ‘तक्ता ५’ या शब्दांना ‘त’ हा प्रत्यय जोडता येत नाही.

यावर तीन साधे उपाय आहेत. ‘तक्ता क्रमांक ५ मध्ये’ अशी रचना केली की विकार टळतो. उल्लेख कंसात घेऊन ‘(पहा : तक्ता ५)’ असे लिहिले, तर वाक्याची घडण अबाधित राहते. तिसरा उपाय असा की, यंत्राकडून केवळ आकडा घ्यावा आणि शब्द योग्य रूपात स्वतः लिहावा. मराठीत लिहिणाऱ्याने हे उपाय ध्यानात ठेवले, तर यंत्राची सोय व भाषेची शुद्धता यांत विरोध उरत नाही.

लिपीचे काही विशेष

इंग्रजीत शीर्षकाचा दर्जा दाखविण्यासाठी मोठ्या लिपीची अक्षरे वापरतात. अनेक आज्ञावल्या पानाच्या डोक्यावरील ओळ आपोआप मोठ्या लिपीत करतात. देवनागरीत लहान व मोठी लिपी असा भेद नाही. त्यामुळे इंग्रजी मांडणी तशीच उचलली, तर मराठीत दोन दर्जांची शीर्षके एकसारखी दिसू लागतात. तो भेद अक्षरांचा आकार व जाडी यांतून वेगळा साधावा लागतो. तसेच इंग्रजी शीर्षकात शोभेसाठी अक्षरे विरळ करण्याची पद्धत आहे. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते व शब्द अक्षरांच्या तुकड्यांसारखा दिसतो. वेलांट्या, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर असल्याने दोन ओळींच्या शीर्षकात अंतरही थोडे अधिक ठेवावे लागते.

मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदी छपाईतील अक्षरांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना या वळणांचीही दखल घेतली. काही फॉन्टांत दोन्ही वळणे साठविलेली असतात आणि भाषा मराठी आहे अशी खूण केल्यावरच मराठी वळण उमटते. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’चीही काळजी घ्यावी लागते, अन्यथा रफार पडून ‘दुसर्‍या’चा उच्चारच बिघडविणारे ‘दुसर्या’ छापले जाते. मजकुरातील अशी चूक एखादेवेळी खपून जाते; ठळक अक्षरांतील शीर्षकात मात्र ती दुरूनही दिसते.

कार्यालयात काय करता येईल

लाटेकसारख्या पद्धती मुख्यतः विद्यापीठे व ग्रंथप्रकाशन यांत वापरल्या जातात. कार्यालयांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिब्रेऑफिस यांसारख्या आज्ञावल्या अधिक आढळतात. परंतु तत्त्व तेच आहे. वर्डमध्ये शीर्षकाचे नऊ दर्जे तयार असतात. ओळ केवळ ठळक व मोठी केली, तर यंत्राच्या लेखी ती साधी ओळच राहते. तिला शीर्षकाचा दर्जा दिला, तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्याही अशाच दर्जांच्या आधारे एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातात. नुसत्या ठळक ओळींचा अहवाल अशा वाचकाला शीर्षकाविनाच मिळतो.

ग्रामपंचायत विकास आराखडा, शाळेचा वार्षिक अहवाल किंवा औद्योगिक वसाहतीलगतच्या गावासाठी काढलेली आपत्कालीन माहितीपुस्तिका तयार करताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल. प्रथम संपूर्ण मजकुराची भाषा मराठी अशी खूण करावी. नंतर भाग, प्रकरण, उपप्रकरण, तक्ता, आकृती, परिशिष्ट, अनुक्रमणिका व सूची यांसाठी योजावयाच्या शब्दांची एका पानाची यादी करावी. पारिभाषिक शब्दांविषयी शंका असल्यास भाषा संचालनालयाचे कोश पाहावेत. आकड्यांचे वळण व अक्षरक्रम त्याच पानावर नोंदवावेत. मग शीर्षकांना दर्जा देऊन क्रमांक यंत्राकडून घालून घ्यावेत. शेवटी अनुक्रमणिका मजकुराशी ताडून पाहावी. कारण यंत्राने केलेली अनुक्रमणिका शेवटच्या बदलानंतर पुन्हा अद्ययावत करावयाची अनेकदा राहून जाते.

दोन वा तीन भाषांतील मजकुराच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. सर्व भाषांतील प्रतींचे क्रमांक एकच राहिले पाहिजेत. मराठी प्रतीत एक भाग गाळला व इंग्रजीत तो राहिला, की पुढील सर्व क्रमांक सरकतात. सुरक्षा माहितीपत्रकात एखाद्या भागाखाली लिहिण्याजोगे काही नसले, तरी ते शीर्षक ठेवून ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणेच योग्य. तयार प्रत छापण्यापूर्वी ती भाषा रोज बोलणाऱ्या आणि तो मजकूर प्रत्यक्ष वापरणार असलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी. कारखान्यातील पर्यवेक्षक, आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा पंचायत सदस्य हे काम चांगले करू शकतात. त्यांना संगणकाचे ज्ञान असण्याची गरज नाही. एखादी गोष्ट कोठे सापडेल असे विचारावे आणि शीर्षके पाहून ते योग्य पानावर पोहोचतात किंवा नाही एवढे पाहावे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. त्यानंतर परिभाषा, पदनामे व नमुने मराठीत आणण्याचे मोठे काम झाले. संगणकाच्या आज्ञावलीतील पंधरा-वीस ठरीव शब्द हा त्या कामाचाच एक छोटा भाग आहे. हे शब्द एकदा विचारपूर्वक ठरविले, की त्यानंतरच्या प्रत्येक अहवालात ते विनासायास उमटतात. आणि न ठरविल्यास प्रत्येक अहवालात तीच चूकही तितक्याच विनासायास उमटते. कुरकुंभसारख्या गावात माहितीपुस्तिका हाती घेणाऱ्याला प्रथमोपचाराचे पान क्षणात सापडावे, यासाठी लागणारी यांत्रिक सोय आज प्रत्येक कार्यालयाच्या संगणकात आहे. तिच्यात योग्य मराठी शब्द भरण्याचे काम तेवढे माणसांनी करावयाचे आहे.